सोळा आणे जमीन

पुण्याच्या आसपास जमिनी विकून गळ्यात जाड सोनसाखळी घालून हिंडणाऱ्याला ‘गुंठामंत्री’ म्हणतात. म्हणणाऱ्याच्या मनात हेवा किती आणि थट्टा किती, ते सोडून देऊ. पण गुंठा म्हणजे नक्की केवढा, असे विचारले तर उत्तर येते, तेहतीस फूट बाय तेहतीस फूट. तीस नाही, पस्तीस नाही, तेहतीसच का? कारण या सोनसाखळीच्या कितीतरी आधी या मुलखातून एक लोखंडी साखळी फिरून गेली आणि तिची लांबी ३३ फूट होती. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. साखळीचे सोळा भाग पाडलेले, त्यातल्या एका भागाला म्हणायचे आणा. रुपयातून आणा कधीच गेला. सातबाऱ्यावरचे ‘आकार’, ‘जिरायत’, ‘पोटखराबा’, ‘वरकस’ हे त्या मोजणीने कागदावर पक्के केलेले शब्द मात्र अजून जागचे हललेले नाहीत.

मला साखळीपेक्षा तिच्यामागून कुदळ घेऊन येणारा माणूस जास्त महत्त्वाचा वाटतो. साखळीने लांबी-रुंदी सांगितली. जमिनीची खोली त्याने सांगितली.

मुलूख तसा अवघड. लोणावळ्यापासून इंदापूरपर्यंतचे अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास, पण एवढ्यात पाऊस चार हजार मिलिमीटरच्या वरून पाचशेच्या आसपास उतरतो. घाटाखाली कोकणात खाडीकाठची खाजणे, वर भाताची खाचरे, त्याच्याही वर डोंगरउतारावर नाचणी-वरीचे वरकस. घाट चढून आले की मावळ: अरुंद खोरी, तांबूस माती, अजून भातच. मावळ संपते तिथे देश सुरू होतो आणि भाताची जागा बाजरी घेते. आणखी पूर्वेला सरकले की बाजरीही मागे पडून शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, येतो. पायाखालचा खडक जवळपास सगळीकडे एकच, काळा बेसाल्ट; सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा. पण त्याच खडकाची माती कुठे पुरुषभर खोल काळीभोर, तर शेजारच्याच माळावर वीतभर मुरूम.

मराठी कुणब्याला हे कुणी शिकवावे लागत नव्हते. गावाची वस्ती ती पांढरी आणि शेती ती काळी, इतकी ही मातीची भाषा जुनी आहे. राज्यकर्त्यांनीही आपापल्या परीने ती वाचली होती. शिवकाळात अण्णाजी दत्तोंनी मोजणी केली ती पाच हात पाच मुठींच्या काठीने. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद म्हणजे बिघा, १२० बिघ्यांचा चावर. पुढे गावोगाव पाटील-कुलकर्णी थळवार हिशेब ठेवत. कोणाचे थळ कोणते, त्यावर किती सारा, कोण वंशपरंपरेचा मीरासदार, कोण बाहेरचा उपरी, हे सगळे गावाच्या आठवणीत आणि कुलकर्ण्याच्या दप्तरात. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महालच्या महाल मक्त्याने दिले जाऊ लागले आणि मक्तेदाराला माती काळी की बरड याच्याशी देणेघेणे उरले नाही. १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती आला तो असा, आधीच पिळून काढलेला देश.

या मुलखाचा नवा इंग्रज कारभारी एलफिन्स्टन याने सुरुवातीला जुनी घडी फारशी न मोडता वसुली चालवली. पण ईस्ट इंडिया कंपनीला आता नेमका आकडा हवा होता आणि तो आणण्याचे काम आले रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण मुलकी अधिकाऱ्याकडे. हा हेलीबरीच्या कॉलेजातून शिकून आलेला; तिथे माल्थस अर्थशास्त्र शिकवत असे आणि रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत त्या काळी नवा कोरा होता. प्रिंगलची कल्पना कागदावर देखणी होती. प्रत्येक प्रतीच्या जमिनीत एकरी पीक किती येते ते ठरवायचे. त्यातून बी, बैल, मजुरी, सगळा खर्च वजा करायचा. उरेल ते निव्वळ उत्पन्न आणि त्याच्या शेकडा ५५ हा सरकारचा वाटा.

आता खर्च म्हणजे काय, हे कुणब्याला विचारून पाहा. स्वतःची आणि बायकोपोरांची मेहनत कोणत्या भावाने धरायची? बैलाचा कडबा घरचा, त्याची किंमत काय? सरासरी पीक म्हणायचे ते कोणत्या सालचे? इंदापूरकडे पाच वर्षांत एखादे साल सोळा आणे येते, दोन आठ आणे येतात, उरलेली काढायची असतात. हे आकडे गोळा करणारे कारकून कुठे अंदाजाने, तर कुठे हात ओले करून ते भरत होते. मोजणीतही चुका राहिल्या. १८२८ पर्यंत काम उरकले आणि नवी आकारणी १८३० च्या सुमारास लागू झाली. नेमक्या त्याच वेळी धान्याचे भाव पडले आणि पाऊसही ओढ देऊ लागला.

सगळ्यात जास्त फटका बसला इंदापूरला. उत्तरेला भीमा, दक्षिणेला नीरा आणि दोघींच्या मध्ये हा कोरडा तालुका. नद्यांचा संगम होतो तो थेट पूर्व टोकाला, नीरा नरसिंगपूरला. आकडा जुळेना म्हणून सूट द्यायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा तोच आकडा लावायचा, असे चालले. सूट किती मिळणार हे ठरवणार हाताखालचे अंमलदार, म्हणजे त्यांचीही चांदी. वसुलीसाठी माणसांना मारहाण झाली, छळ झाला. घरे ओस पाडून लोक निजामाच्या मुलखात निघून गेले आणि शेते पडीक पडली. शेवटी सरकार जागे झाले ते दयेने नव्हे. पडीक शेत सारा देत नाही, एवढे त्याला कळले.

१८३५ मध्ये हेन्री गोल्डस्मिड हा असिस्टंट कलेक्टर तिथे पोचला. चौकशीत त्याच्या हाताखाली एक विशीतला नवखा पोरगा होता, बार्टल फ्रिअर. हाच पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला. गोल्डस्मिडला जोड मिळाली इंजिनिअर पलटणीतल्या लेफ्टनंट जॉर्ज विंगेटची. या दोघांनी प्रिंगलचा सगळा हिशेब बाजूला ठेवला. पीक किती, खर्च किती, निव्वळ किती, या फंदात पडायचेच नाही असे ठरवले. विचारायचे एवढेच की ही जमीन त्या जमिनीच्या मानाने किती बरी? आणि हे माणसाच्या तोंडून नव्हे, मातीतून काढायचे. मला हा क्षण मोठा वाटतो. सिद्धांताने हात टेकले आणि कुदळ पुढे आली.

पद्धत अशी. आधी शेताचे नंबर पाडायचे. नंबर केवढा असावा? एका बैलजोडीने ओढवेल तेवढा. म्हणजे हलक्या जमिनीत वीसेक एकर, भारी काळ्या जमिनीत बारा-पंधरा, भातात चारच. हद्दीवर बांध आणि दगड. मग प्रतवारीचा कारकून यायचा. नकाशावर शेताचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात खणून दोन गोष्टी पाहायच्या: मातीची जात आणि तिची खोली. जाती तीन. पहिली काळी ते गडद तपकिरी, बारीक पोताची. दुसरी जरा भरड, बहुधा तांबडी. तिसरी खडीची, भुसभुशीत, करडी. खोली हातांत मोजायची. पहिल्या जातीची माती पावणेदोन हात, म्हणजे अडीच फुटांच्या थोडी वर निघाली तर ती सोळा आणे. दीड हात असेल तर चौदा, सव्वा हात बारा, एक हात दहा, पाऊण हात आठ, अर्धा हात सहा. दुसऱ्या जातीची सुरुवातच चौदा आण्यांपासून. खडीच्या जमिनीला एक हात खोली असली तरी सहाच आणे. सगळ्यात शेवटची नववी प्रत, ती दोन आण्यांची.

मग दोष. हे शब्द कारकुनांनी कुठून आणले नव्हते, कुणब्यांच्याच तोंडचे होते. चुनखड म्हणजे चुनखडीचे खडे असलेली, वाळसर, उतरवट, खारवट, खालून पाणी फुटणारी ती उपळवट. एक दोष आढळला की जमीन एक प्रत खाली. चौकोनाच्या कोपऱ्यात दोषाची खूण करायची, बेरीज करायची, सरासरी काढायची. झाला शेताचा आणेवार भाव. वरचा साहेब अधूनमधून येऊन काही शेते पुन्हा खणून बघे, कारकुनाने बांधावर बसून तर प्रत लिहिली नाही ना, याची खात्री करायला.

खोलीलाच एवढे महत्त्व का दिले? इंदापूरच्या शेतात उभे राहिले की कळते. शाळू पेरायचा तो पाऊस सरता-सरता, भाद्रपद-आश्विनात, आणि मग तो वाढतो थंडीत, वरून जवळपास थेंब न पडता. त्याला पाणी मिळते ते मातीच्या पोटातून. काळी माती ओली झाली की फुगते, पाणी धरून ठेवते, आणि वाळताना तिला भेगा पडतात. जितकी खोल तितके साठवलेले पाणी जास्त. म्हणजे कारकून हातांनी माती मोजत होता असे आपल्याला वाटते, प्रत्यक्षात तो ओल मोजत होता. हे गोल्डस्मिड-विंगेटांना इतक्या नेमक्या शब्दांत उमगले असेल की नाही, कोण जाणे. कुणब्याला ठाऊक होते.

पण ओल साठायची तर आधी पाऊस पडावा लागतो आणि कुदळ वर बघत नाही. पाऊस, बाजार, रस्ता यांचा विचार या पद्धतीत केला होता, पण ढोबळ. तालुक्यातल्या गावांचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटाला सोळा आणे जमिनीचा वरचा दर ठरवून द्यायचा. म्हणजे आणे ठरले मातीवरून आणि रुपया ठरला गटावरून. गावच्या एका शिवारात पाऊस पडतो आणि ओढ्यापलीकडे पडत नाही, हे या तक्त्यात बसण्यासारखे नव्हते. विंगेटला याची कल्पना होती, म्हणून त्याने दर मुद्दाम हलके ठेवले. दर तीस वर्षे बदलायचा नाही, असे वचन दिले. शेतकऱ्याने स्वतःच्या पैशाने विहीर खणली तर त्यावर सारा नाही, असेही ठरले. न परवडणारा नंबर राजीनामा देऊन सोडता येई, नवा कबुलायत लिहून घेता येई. गेलेली माणसे इंदापुरात परतली, पडीक शेतांना पुन्हा नांगर लागला. १८४७ मध्ये गोल्डस्मिड, विंगेट आणि मोजणीतलाच त्यांचा सहकारी डेव्हिडसन या तिघांनी मिळून अहवाल लिहिला आणि इंदापूरची कुदळ मुंबई इलाखाभर फिरू लागली.

आणि घाट उतरताच अडखळली. कोकणात ओलीचा प्रश्नच नाही, आभाळातून हवी तेवढी येते. तिथे जमिनीची किंमत ठरते ती माणसाने ती सपाट किती केली, बांध किती घातले, पाणी कुठे अडवले आणि कुठे सोडले यावर. भाताच्या प्रतवारीत पाणी आणि बांध यांना वेगळे स्थान द्यावे लागले. खरी पंचाईत झाली वरकसाची. डोंगरउतारावरची ही जमीन दोन-तीन वर्षे नाचणी-वरी देते आणि मग तिला पाच-सात वर्षे विसावा लागतो. मोजणीदाराच्या वहीत ती कवडीमोलाची. पण त्या वरकसावरचा पाला-गवत आणि फांद्या तोडून आणल्या नाहीत तर राब कशाचा भाजायचा? आणि राब भाजल्याशिवाय भाताचे रोप उगवत नाही, असे ठाणे-कुलाब्याच्या शेतकऱ्याचे पक्के मत. त्याच्या लेखी वरकस हे खाचराचेच अंग होते. जंगल खात्याने पुढे त्या उतारांना कुंपण घालायला सुरुवात केली तेव्हा इतकी ओरड झाली की १८८५ मध्ये सरकारला त्यासाठी कमिशन नेमावे लागले. रत्नागिरीत तर जमिनीपर्यंत पोचायच्या आधी खोत, म्हणजे गावचा सारा गोळा करणारा वतनी मध्यस्थ, आडवा आला. १८८० च्या कायद्याने खोतांशी तडजोड केली आणि कुळांची सुटका १९४९ च्या खोतीबंदीच्या कायद्यापर्यंत लांबली.

वऱ्हाडात मात्र ही कुदळ अगदी घरच्यासारखी चालली. १८५३ मध्ये निजामाकडून तो प्रांत इंग्रजांकडे आला आणि पुढच्या दशकात मुंबईच्या पद्धतीनेच मोजला गेला. पूर्णेच्या खोऱ्यात, पायनघाटात, काळी माती इतकी खोल की प्रतवारीचा तक्ता संपला तरी माती संपत नव्हती. पण तिथेच खारपाणपट्टा आहे. विहीर खणावी तर पाणी खारट, पिकाला घालावे तर जमीन बिघडते. पावणेदोन हातांवर थांबलेल्या कुदळीला ते दिसले नाही. वैनगंगेच्या बाजूला ही पद्धत पोचलीच नाही. तिकडे मालगुजारी बसली, म्हणजे साऱ्याची जबाबदारी घेणारा मालगुजार गावाचा मालक ठरला, आणि कोहळी लोकांनी पिढ्यान् पिढ्या बांधलेले तलाव मालगुजारांच्या नावे झाले. आजही भंडारा-गोंदियाकडे त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. मामा म्हणजे माजी मालगुजारी, कुणाचा मामा नव्हे. भात पिकवणाऱ्या त्या मुलखात जमिनीची प्रत तलावावर ठरते, हे तिथल्या माणसाला सांगायला कारकून लागत नव्हता.

इंदापूरला दिलेले तीस वर्षांचे वचन १८६६-६७ मध्ये संपले. मुहूर्त वाईट निघाला. नुकतेच अमेरिकेतले यादवी युद्ध होऊन गेले होते, त्या काळात कापसाचा भाव आभाळाला भिडला आणि त्याबरोबर सगळेच भाव चढले. फेरमोजणीवाल्यांनी तो चढलेला भाव धरूनच आकार भरमसाट वाढवला. भाव उतरले, आकार उतरला नाही. जमीन आता मोजलेली, नंबर पडलेली, नावावर असलेली. म्हणून ती गहाण टाकता येत होती आणि कोर्टाच्या हुकुमाने विकताही येत होती. पक्क्या कागदाचा पहिला फायदा सावकाराला झाला. विंगेटने १८५२ मध्येच या कर्जाविषयी धोक्याची सूचना दिली होती. १८७३ च्या सुमारास पुण्याच्या सार्वजनिक सभेने आकारणीविरुद्ध तपशीलवार तक्रार मांडली. वाढीला मर्यादा घालणारा नियम सरकारने १८७४ मध्ये केला: गटाला शेकडा ३३, एका गावाला ६६, एका माणसाला फार तर दुप्पट. दुप्पट ही मर्यादा, हे लक्षात घ्या. पुढच्याच वर्षी, १२ मे १८७५ ला, सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली आणि लोण भोवतालच्या गावांत पसरले. त्यानंतर आला १८७६-७७ चा दुष्काळ, आणि तेव्हा सोळा आण्यांची काळी आणि दोन आण्यांची बरड दोन्ही सारख्याच मोकळ्या पडल्या.

दुष्काळाने सरकारला अखेर वर बघायला लावले, निदान नदीच्या वरच्या अंगाला. भोरजवळ भाटघरला धरण बांधायचे ठरले, आणि १८८५ पासून नीरेच्या डाव्या कालव्यातून बारामती-इंदापूरकडे पाणी येऊ लागले. गंमत म्हणजे पाणी घ्यायला शेतकरी तयारच होईनात. शाळूला चांगल्या साली कालव्याचे पाणी लागत नाही, पट्टी मात्र भरावी लागते. मागणी यायची ती फक्त पाऊस रुसला की. कालव्याचा खर्च निघेना, तो काढला उसाने. सासवडचे माळी कालव्याच्या कडेने खंडाने जमिनी घेत खाली सरकले. ऊस कसा जपायचा ते त्यांना ठाऊक होते. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यातच, कळंब गावच्या शिवारात, वालचंद हिराचंदांचा साखर कारखाना उभा राहिला आणि तिथे वालचंदनगर वसले.

आता मातीने बाजी उलटवली. ज्या भारी काळीला सोळा आणे मिळाले होते तिच्यातून पाण्याचा निचराच होईना. बारमाही पाणी सुटले तशी ती आधी पाणथळ झाली, मग वर पांढरे मीठ फुटले, आणि चांगल्या चांगल्या शिवारांचे चोपण झाले. पाणी धरून ठेवते म्हणून तिची किंमत. पाणी सोडत नाही म्हणून तिची राख. उलट खाली मुरूम असलेल्या, सहा-आठ आण्यांच्या जमिनीतून जादा पाणी सहज झिरपून जायचे, तिथे उसाला बाधा कमी. आणि अलीकडे दोन आण्यांच्या माळावर ठिबक टाकून डाळिंब घेणारा इंदापूरचा शेतकरी भारी काळीच्या मालकाला हसतो. प्रतवारीचा तक्ता चुकला, असे मी म्हणणार नाही. तो शाळूसाठी बरोबर होता. त्याच्या पोटात एक पीक आणि एक आभाळ गृहीत धरलेले होते, एवढेच.

भीमेच्या बाजूला आणखी एक पान उलटले. माढ्याकडे उजनी धरण १९८० मध्ये पुरे झाले आणि त्याचे पाणी मागे सरकत इंदापूर, करमाळा, दौंडच्या काठांवर चढले. नदीकाठची खोल गाळाची जमीन सगळ्यात आधी गेली, म्हणजे मोजणीतली वरची प्रत. पळसदेवचे जुने पळसनाथाचे देऊळ पाण्यात गेले. भिगवणला हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, त्यांचे फोटो काढायला पुण्याहून गाड्या भरून माणसे येतात; खाली कुणाचे नंबर आहेत याच्याशी त्यांना काय करायचे आहे?

उन्हाळ्यात पाणी उतरते. देवळाचे शिखर वर येते, मग हळूहळू काठाची जमीन मोकळी होते, ओली, काळी, दोन-चार दिवसांत भेगा पडू लागणारी. तिला गाळपेर म्हणतात. सरकार ती एका हंगामापुरती भाड्याने देते आणि पाणी पुन्हा चढायच्या आत तिच्यातून पीक काढायचे असते. हद्दीचे दगड गाळाखाली गेलेले. शेतकरी पायानेच पावले टाकत आपला तुकडा आखतो, वाकून मूठभर माती उचलतो, दाबून बघतो, आणि अजून एक दिवस थांबावे की पेरून घ्यावे, ते ठरवतो.